लाकडातील ऊब जाते कोठे?

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. विषुववृत्तापासून ते अवघ्या तेरा अंशांवर असूनही तेथील हवा वर्षाचे बहुतेक दिवस समशीतोष्ण राहते, ती या उंचीमुळेच. पौषातल्या पहाटे तेथील तापमान पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. कधी त्याच्याही खाली जाते. १३ जानेवारी १८८४ रोजी ते ७.८ अंशांवर उतरले होते आणि हा नीचांक अद्याप मोडलेला नाही. एवढ्या थंडीला एक कांबळे आणि पहाटेच्या चुलीची ऊब पुरेशी होते, असाच तेथील रहिवाशांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. परंतु एकोणिसाव्या शतकात छावणीच्या भागात बंगले बांधणाऱ्या इंग्रजांनी आपल्या मायदेशाची सवय बरोबर आणली होती. त्या काळच्या जुन्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांत भिंतीत बसविलेली आगटी आणि कौलांच्या वर डोकावणारे विटांचे धुराडे आढळते. आज त्यातल्या ज्या आगट्या शिल्लक आहेत, त्या बहुतांशी शोभेच्या राहिल्या आहेत.

भिंतीतील ही उघडी आगटी दिसण्यात मोठी मोहक. घर उबदार करण्याचे साधन म्हणून मात्र ती अगदी सामान्य प्रतीची असते. तिच्यासमोर खुर्ची टाकून बसणाऱ्याचे तोंड भाजते आणि पाठ गारठते. याचे कारण असे की, अशा आगटीपासून माणसाला मिळणारी ऊब जवळजवळ सर्वस्वी प्रारणाने मिळते. सूर्याची उष्णता ज्या रीतीने पोकळी ओलांडून पृथ्वीवर येते, त्याच रीतीने ज्वाळेची आणि निखाऱ्यांची उष्णता सरळ रेषेत निघून समोरच्या वस्तूवर पडते. खोलीतील हवा तापते ती फार थोडी. उलट, तापून हलका झालेला वायू धुराड्यातून वर जाताना खोलीतील हवाही आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि गेलेल्या हवेची जागा भरून काढण्यासाठी दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत घुसते. आगटी जितकी मोठी भडकते, तितका हा ओघ वाढतो. जळलेल्या लाकडाच्या उष्णतेपैकी ठोकळमानाने दहावा हिस्सा खोलीत राहिला तरी पुष्कळ झाला, अशी ही व्यवस्था असते.

या उधळपट्टीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याची गणना होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मलेला हा गृहस्थ बव्हेरियाच्या राजदरबारी चाकरीस होता. म्यूनिक येथे तोफांना भोके पाडताना धातू किती तापतो हे पाहून उष्णता हा पदार्थ नसून ती गतीचे रूप आहे, असा विचार त्याने पुढे मांडला, हे पाठ्यपुस्तकांतून सर्वांना माहीत असते. परंतु त्याने चुली आणि धुराडी यांवर किती परिश्रम घेतले, हे सहसा सांगितले जात नाही. १७९६ च्या सुमारास त्याने इंग्लंडमधील आगट्यांचे कोनाडे उथळ केले, त्यांच्या बाजू तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. तिरप्या बाजूंमुळे प्रारण खोलीकडे परतू लागले आणि अरुंद गळ्यामुळे खोलीतील हवेची लूट कमी झाली. स्वयंपाकघरातही त्याने तोच विचार लावला. उघड्या जाळावर भांडी टांगण्याऐवजी विटांच्या चुलीत भांडे बसेल असे भोक ठेवावे आणि आग बंदिस्त करून हवा मोजून द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या अर्धशतक आधी, १७४० च्या दशकात, बेंजामिन फ्रँकलिन याने लोखंडी पत्र्यांची आगटी तयार करून हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला होता. यांपासूनच पुढे थंड देशांतील लोखंडाच्या बंद चुली निपजल्या. आग पूर्णपणे पेटीत कोंडलेली, हवा शिरण्यास झडपेचे एकच दार, आणि तापलेल्या पेटीच्या सर्व अंगांनी खोलीला ऊब. अशी चांगली बंद चूल लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता घरात ठेवू शकते. काश्मीर आणि लडाखातील बुखारी याच जातीची होय.

लाकूड कसे जळते

लाकूड जळते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ज्वाळा निघते ती लाकडाची नसते. लाकूड तापू लागले म्हणजे प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात गेले की लाकडाचे घटक विघटित होऊन त्यांतून ज्वालाग्राही वायू व तेलकट बाष्पे बाहेर पडू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो. या वायूंना पुरेशी हवा व पुरेसे तापमान मिळाले तर ते पेट घेतात, आणि ती ज्वाळा. मागे राहतो तो कोळसा. तो ज्वाळेवाचून, निखाऱ्याच्या रूपाने जळतो. म्हणजे एका चुलीत दोन आगी असतात आणि दोघींना हवा वेगवेगळ्या ठिकाणी लागते. निखाऱ्यांना ती खालून, जाळीतून मिळाली पाहिजे; वायूंना ती वर, ज्वाळेच्या जागी मिळाली पाहिजे. वरची हवा अपुरी पडली, किंवा ज्वाळा गार भांड्याच्या बुडाला आपटून वेळेपूर्वीच थंड झाली, म्हणजे वायू अर्धवट जळतात आणि धूर, काजळी व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतात. धूर म्हणजे हवेत उधळलेले जळणच होय. डोळे चोळीत फुंकणीने जाळ घालणाऱ्या बाईला हे ठाऊक असते. नेमकी फुंकर बसून ज्वाळा लागली की धूर एकदम नाहीसा होतो.

'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही म्हण माणसांच्या व्यवहाराविषयी आहे. चुलीच्या बाबतीत मात्र तिच्यातला हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. एक किलोग्रॅम कोरडे लाकूड जळले असता सुमारे ४४०० किलोकॅलरी उष्णता मिळते. आता नुकतेच तोडलेले लाकूड घेतले, तर त्याच्या एका किलोग्रॅममध्ये जवळजवळ अर्धे पाणीच असू शकते. उरलेल्या अर्ध्या किलोग्रॅमची उष्णता २२०० किलोकॅलरी. परंतु अर्धा किलोग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करण्यात तीनशेहून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि हाती उरतात सुमारे १९०० किलोकॅलरी. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. वाफेमुळे चुलीतील तापमान उतरते, वायू पेट घेत नाहीत आणि धुराचे लोट उठतात. तेव्हा ओले जळते खरे, पण त्याच्या जळण्याची किंमत सुक्याला मोजावी लागते. पावसाळ्यापूर्वी सरपण फोडून माळ्यावर रचून ठेवण्याची आपल्याकडील गृहिणींची धडपड कोणत्याही सुधारित यंत्रापेक्षा कमी मोलाची नाही.

आणखी एक साधा हिशेब पाहू. पंचवीस अंशांवरील एक लिटर पाणी उकळीस आणण्यास ७५ किलोकॅलरी लागतात. लाकडातील सगळी उष्णता पाण्यात उतरली असती, तर सतरा ग्रॅम कोरडे लाकूड, म्हणजे एखादी मूठभर ढलपी, पुरली असती. तीन दगडांच्या चुलीवर त्याच कामाला याच्या दसपट लाकूड लागते. बाकीचे जाते कोठे, या प्रश्नाचे सविस्तर उत्तर शोधण्याचे काम बंगळूर येथेच झाले.

तुमकूर जिल्ह्यातील एक गाव

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून आकारास आली. अभिजात विज्ञान व प्रगत अभियांत्रिकी यांचे ते पीठ. १९७४ साली या संस्थेत एक निराळाच विभाग निघाला. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक होते. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचे उपयोजन, असा त्याचा आशय. आद्याक्षरांवरून त्याला 'अस्त्र' म्हणू लागले. विभागाचे प्रवर्तक प्राध्यापक अमूल्य कुमार नारायण रेड्डी (१९३०–२००६) हे मूळचे विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ. त्या विषयावरील त्यांचा आणि बॉक्रिस यांचा संयुक्त ग्रंथ जगभर अभ्यासला जातो. अशा विद्वानाने विद्युदग्रे सोडून खेड्यातील चुलीपाशी जाऊन बसावे, हे त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही.

'अस्त्र'च्या कार्यकर्त्यांनी तुमकूर जिल्ह्याच्या कुणिगल तालुक्यातील उंग्रा येथे आपले केंद्र स्थापन केले आणि आसपासच्या खेड्यांत ऊर्जेची मोजदाद आरंभली. त्यांपैकी पुरा या गावात १९७७ साली ३५७ माणसे आणि ५६ कुटुंबे होती. गावाला लागणारी सर्व ऊर्जा, म्हणजे माणसाचे श्रम, बैलांचे श्रम, रॉकेल, वीज व लाकूड, एकाच मापात मोजली असता असे दिसून आले की शेकडा सुमारे ८९ भाग ऊर्जा लाकडातून येत होती. माणसांचे श्रम शेकडा सात. रॉकेल, बैल आणि वीज मिळून जेमतेम उरलेली. गावाच्या ऊर्जेचा प्रश्न म्हणजे विजेच्या खांबांचा प्रश्न, अशी जी समजूत शहरांत रूढ होती, तिला या आकड्यांनी धक्का दिला. खरा प्रश्न चुलीत होता, आणि त्यातही अंघोळीचे पाणी तापविण्याचा वाटा अपेक्षेपेक्षा मोठा होता. हे लाकूड बहुतांशी विकत घेतलेले नव्हते. बायका व मुले रानातून, बांधावरून काटक्या-कुटक्या वेचून आणीत. पैशाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. म्हणूनच कदाचित ते कोणत्याही हिशेबात येत नव्हते.

पुऱ्यात प्रथम गोबर-गॅसने स्वयंपाक करण्याचा घाट घातला गेला. परंतु सर्व घरांच्या चुलींना पुरेल इतके शेण गावात जमेना. पुढे १९८७ पासून तो वायू एंजिन चालवून दिव्यांसाठी व पिण्याच्या पाण्यासाठी वापरण्यात आला. चूल मात्र लाकडाचीच राहिली. तेव्हा लाकडाची चूलच सुधारावी, हा मार्ग उरला. के. एस. जगदीश, एस. एस. लोकरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यावर काम केले.

चुलीतील गळती

तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीतून उष्णता चार वाटांनी निसटते. काही भाग मातीत मुरतो. काही भाग चुलीच्या उघड्या तोंडातून प्रारणाने बाहेर पडतो. स्वयंपाक करणारीच्या पायांना आणि चेहऱ्याला जी धग लागते ती हीच. काही भाग न जळलेल्या धुराच्या रूपाने जातो. आणि मोठा भाग तप्त वायूंबरोबर भांड्याच्या कडेने निघून जातो. या चौथ्या वाटेकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. एक किलोग्रॅम कोरडे लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे सहा किलोग्रॅम हवा पुरते. बंगळूरच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे दहाव्या हिश्शाने विरळ असल्यामुळे ही हवा साडेपाच घनमीटर भरते. परंतु रुंद तोंडाच्या चुलीत याच्या कितीतरी पट हवा शिरते. ती जळण्याच्या कामाला येत नाही. फक्त तापते आणि निघून जाते. समजा, धूर दोनशे अंशांवर बाहेर पडतो. हवा मोजून दिलेली असेल, तर त्याच्याबरोबर लाकडातील उष्णतेचा शेकडा सात भाग जाईल. तिप्पट हवा शिरली असेल, तर तोच भाग शेकडा एकोणीस होतो. चुलीचे तोंड झाकणे ही गोष्ट इतकी क्षुल्लक दिसते, पण तिचे मोल एवढे आहे.

नव्या चुलीला 'अस्त्र ओले' असे नाव पडले. कानडीत 'ओले' म्हणजे चूल. मराठी वाचकाला हा शब्द वाचून भिजलेल्या लाकडाची आठवण होईल, आणि या चुलीचा खरा शत्रू तोच आहे, ही एक गंमत. ही चूल मातीची किंवा विटांची, तीन भांड्यांची. जळणाची पेटी बंदिस्त. सरपण घालण्याचे तोंड झाकता येण्याजोगे. पेटीच्या तळाशी लोखंडी जाळी, तिच्याखालून निखाऱ्यांना हवा. ज्वाळेसाठी वेगळी हवा. पहिल्या भांड्याखालून निघालेले तप्त वायू दुसऱ्या आणि मग तिसऱ्या भांड्याखालून वाहतात आणि शेवटी धुराड्यातून छपराबाहेर जातात.

महाराष्ट्रातील वाचकाला यातील एक कल्पना अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडे चुलीला वैल असतो. चुलीवर भाकरी भाजत असता वैलावर आमटी शिजते, ती चुलीतून निसटणाऱ्या वायूंच्याच जोरावर. वैल म्हणजे वाया जाणारी उष्णता दुसऱ्यांदा वापरण्याची युक्ती, आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. फरक मोजमापाचा. वैलाची वाट किती रुंद असावी, भांड्याचे बूड आणि चुलीची जमीन यांत किती अंतर ठेवावे, हे बंगळूरच्या प्रयोगांत सेंटिमीटरांत ठरविले गेले. अंतर जास्त ठेवले तर वायू भांड्याला न शिवता खालून निघून जातात. ते कमी केले की वायू वेगाने बुडाला घासून जातात, बुडाला चिकटून राहणारा निवांत हवेचा थर पातळ होतो आणि उष्णता लवकर उतरते. फार कमी केले, तर वाटच कोंडते आणि धूर चुलीच्या तोंडातून घरात उलटतो. या दोहोंमधील योग्य जागा फार अरुंद असते.

ती इतकी अरुंद का, हे धुराड्याचा हिशेब केल्यावर कळते. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात दोनशे अंशांचे वायू भरले, तर बाहेरच्या हवेच्या मानाने त्यांचे हलकेपण जे ओढ निर्माण करते, ती पाण्याच्या स्तंभात मोजली असता जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. एवढ्याशा दाबावर सगळी चूल श्वास घेते. जाळीत साचलेली राख, धुराड्यात बसलेली काजळी, वाटेत सुटलेले मातीचे एखादे ढेकूळ, यांपैकी काहीही तिचा श्वास अडवू शकते.

प्रयोगशाळेत या चुलीची कार्यक्षमता शेकडा चाळीसच्या वर गेली. ज्या एक लिटर पाण्याला साध्या चुलीवर १७० ग्रॅम लाकूड लागे, त्याला येथे चाळीस-बेचाळीस ग्रॅम पुरावे, असा याचा अर्थ. अर्थात प्रयोगशाळेतील लाकूड कोरडे, सारख्या आकाराचे आणि मोजून घातलेले असते, आणि जाळ घालणाऱ्याला दुसरे काही काम नसते. प्रत्यक्ष घरात बचत याहून कमीच भरते; तरीही ती घरोघर जाणवण्याजोगी होती.

ऊब आणि धूर

येथे एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे, कारण सुधारित चुलींविषयीच्या उत्साही लिखाणात ती बहुधा गाळली जाते. जुनी चूल स्वयंपाकाच्या दृष्टीने जी उष्णता वाया घालवते, ती सर्वच घराच्या दृष्टीने वाया जात नाही. थंडीच्या दिवसांत म्हातारीकोतारी आणि पोरे चुलीभोवती बसतात, ती याच निसटलेल्या धगीपाशी. चुलीची माती रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहते. धुराने छपराच्या गवतातील किडे मरतात आणि वासे टिकतात, असेही मानले जाते. आता जी चूल उष्णता भांड्यात घालते आणि उरलेली धुराड्याने बाहेर सोडते, ती घर तितकेसे उबदार ठेवणार नाही, हे उघड आहे. तुमकूर-बंगळूरच्या हवेत त्याचे फारसे वाटत नाही. परंतु हिमालयातील खेड्यात चूल हीच बुखारी असते. तेथे केवळ भांड्याचा विचार करून बनविलेली चूल लोक हिवाळ्यात बाजूला सारणार. तेथे लोखंडी अंगाची, धुराडे असलेली, भांडे आणि खोली दोन्ही तापविणारी चूलच उपयोगी पडते.

मग जुन्या चुलीलाच ऊब म्हणून जवळ का करू नये? याचे उत्तर धुरात आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कर्क स्मिथ (१९४७–२०२०) आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासापाशी हवेतील कण मोजणारी उपकरणे लावली. चुलीपाशी स्त्रिया जी हवा श्वासावाटे घेत होत्या, तिच्यातील कणांचे प्रमाण शहरांच्या हवेसाठी ठरविलेल्या मर्यादांच्या कितीतरी पट आढळले. तोवर प्रदूषण म्हटले की गिरणीचे धुराडे डोळ्यांसमोर येई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू घडले. यांत न्यूमोनियाने दगावलेली बालके आहेत, तशी फुप्फुसांच्या व हृदयाच्या विकारांनी गेलेली प्रौढ माणसेही आहेत. बंद खोलीत शेगडीत निखारे ठेवून झोपणाऱ्यांचे बळी हा तर वेगळाच विषय. निखाऱ्यांतून धूर निघत नाही म्हणून लोक निश्चिंत असतात. परंतु कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. ज्या खोलीत लाकूड किंवा कोळसा जळतो, तेथे धूर बाहेर जाण्याची आणि ताजी हवा आत येण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे.

घरोघर

धूरविरहित चुलीचा विचार आपल्या देशात 'अस्त्र'पूर्वीही झालेला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी १९४० च्या दशकात धुराडे असलेली मातीची 'मगन चूल' तयार केली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी तशीच एक चूल सिद्ध केली आणि १९५३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. पुढे पुण्यास १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेनेही चुली व सरपण यांवर बरेच काम केले. कर्नाटकात राज्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेने 'अस्त्र ओले' बांधणारे कारागीर तयार केले. १९८३ साली भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ पर्यंत चालला. त्या अवधीत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविण्यात आल्या.

बसविल्या गेल्या, हे खरे. त्यांतील किती चालू राहिल्या, हा प्रश्न निराळा. मातीची चूल हे कारखान्यात ठोकून काढलेले यंत्र नव्हे. ती प्रत्येक घरात नव्याने बांधावी लागते आणि बांधणाऱ्याचा हात दोन सेंटिमीटरांनी चुकला की चूल जुन्यासारखीच होते, कधी तिच्याहून वाईट. घरातील पातेली वेगवेगळ्या आकारांची असतात. माती तडकते, धुराडे तुंबते, ते साफ करायला छपरावर चढणार कोण? रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशातील खेड्यांत सुधारित चुलींचा चार वर्षेपर्यंत मागोवा घेतला. २०१६ साली त्यांचा अहवाल नियतकालिकात आला. पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणाऱ्या धुरात घट दिसली. नंतर ती मावळली, कारण लोकांनी चुलींची निगा राखली नाही आणि त्यांचा वापरही नियमित केला नाही. याचा दोष केवळ गृहिणींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चूल बांधून देणारा एकदाच येतो. सव्वा मिलिमीटरची ओढ मात्र तिला रोज सांभाळावी लागते.

आता राहिले अंघोळीचे पाणी. त्यासाठी महाराष्ट्रातील घरांत तांब्याचा बंब असे. उभ्या पात्राच्या मधोमध एक नळी. तिच्या तळाशी जाळी. नळीत वरून ढलप्या व कोळसे सोडायचे आणि नळीभोवतीच्या पोकळीत पाणी. आग पाण्याच्या पोटातच असल्यामुळे तिच्यापासून कोणत्याही बाजूस निघालेली उष्णता प्रथम पाण्यालाच भेटते. नळी स्वतःच धुराड्याचे काम करते आणि आपल्याला लागणारी हवा जाळीतून आपणच ओढून घेते. दगडांवर ठेवलेल्या हंड्याला जी उष्णता मिळते, ती फक्त बुडाकडून. कडेने जाणारी सर्व वाऱ्यावर. कर्नाटकातील खेड्यांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात असा मोठा हंडाच चुलाणावर कायमचा बसविलेला असतो. 'अस्त्र'ने या चुलाणालाही जाळी आणि धुराडे देऊन, तप्त वायू हंड्याच्या अंगाभोवती फिरतील अशी त्याची रचना केली. पुढे या विभागाचे रूपांतर शाश्वत तंत्रज्ञान केंद्रात झाले.

बंगळूर शहरातून लाकडाच्या वखारी आता बहुतेक गेल्या आहेत आणि गच्च्यांवर सौर जलतापकांच्या रांगा दिसतात. १९८३ साली सुधाकर रेड्डी व अमूल्य रेड्डी यांनी या शहरातील सरपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा घर जितके गरीब, तितके ते लाकडावर अधिक अवलंबून असल्याचे त्यांना दिसून आले होते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने खेड्यातील पुष्कळ स्वयंपाकघरांत गॅस पोहोचविला. परंतु कर्नाटकातील अनेक खेड्यांत आजही स्वयंपाकघरातील ओट्यावर गॅसची शेगडी असते आणि पाठीमागे न्हाणीघरात पहाटे नारळाच्या झावळ्या व काटक्या जळत असतात. थंडीच्या दिवसांत घरातील माणसे कांबळे पांघरून हात शेकायला जमतात, तीही तेथेच.